मी लिहिलेला उजवा कौल

नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या कसबा बावड्यात देव फार लोकांशी बोलायला लागला होता. त्याआधी तो एकाच माणसाशी बोलायचा, तेही सोमवारी सकाळी, आणि हो किंवा नाही एवढंच. पण उसाच्या रानांचे प्लॉट पडले, माडीवर माडी चढली, तसा देवाला कंठ फुटला. कुणाच्या स्वप्नात येऊन तो घराचं दार पूर्वेला फिरवायला सांगे, कुणाला सोसायटीच्या निवडणुकीत उभं राहायला सांगे. एकाला तर त्याने जीपचा रंगसुद्धा सांगितला होता. गंमत अशी की ज्याला जे करायचं असे, नेमकं तेच देव त्याला सांगे. ‘भावाच्या रानातलं कुंपण मागं घे’ असं देवानं कुणाला सांगितल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही.

ज्या एका माणसाशी देव पूर्वीपासून बोलायचा, तो म्हणजे आमच्या देवळाचा गुरव. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची. साठी उलटलेली, बायको कधीच गेलेली, एकुलती एक पोरगी मलकापूरला दिलेली. देवळामागच्या पत्र्याच्या खोलीत ते एकटेच राहायचे. आणि देव म्हणजे गुडघाभर उंचीचा काळा ओबडधोबड दगड. त्याला नाक नाही, डोळे नाहीत. मामा त्याला रोज पाणी घालायचे, तेल चोळायचे आणि सोमवारी कौल लावायचे. कौल म्हणजे ओल्या दगडाच्या दोन्ही अंगांना फुलाची एकेक पाकळी चिकटवायची, देवाला प्रश्न विचारायचा आणि गप उभं राहायचं. उजवी पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. कधीकधी अर्धा अर्धा तास काहीच पडायचं नाही. लोक चुळबुळ करायचे, घड्याळं बघायचे. मामा मात्र खोकलासुद्धा दाबून उभे असायचे. एवढं लक्ष देऊन कुणी कुणाचं ऐकताना मी नंतरच्या आयुष्यात फारसं पाहिलेलं नाही, आणि माझं आयुष्य वर्गात गेलं आहे.

मी तेव्हा पंचविशीत होतो. तिथल्याच हायस्कुलात गणित शिकवायचो, पण नोकरी तात्पुरती. दर जूनला नवी ऑर्डर येते की नाही याचा भरवसा नसायचा. देवावर माझा विश्वास होता का, तर मे महिन्यात असायचा. देवस्थान कमिटीचे अध्यक्ष शाळेच्या संस्थेवरही होते. माझं अक्षर चांगलं म्हणून त्यांनी मला कमिटीचा सचिव केलं. इतिवृत्ताची जाडजूड वही माझ्या ताब्यात आली आणि मी स्वतःला फार मोठा समजायला लागलो.

एके दिवशी अध्यक्षांच्याही स्वप्नात देव आला. "गुदमरतंय म्हणाला मला ह्या अंधारात. संगमरवर पायजे म्हणाला," असं त्यांनी बैठकीत डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. स्वप्न रविवारचं होतं आणि सोमवारी नकाशा तयार होता. नकाशात शिखर होतं, लग्नाचा हॉल होता, आणि मामांच्या खोलीच्या जागी चपला ठेवायचं स्टँड होतं.

जुनी रीत मोडायची नाही म्हणून कौल लावायचं ठरलं. देऊळ नवं बांधायचं का, असं मामांनी देवाला विचारलं. डावी पाकळी पडली.

"परत लावा," अध्यक्ष म्हणाले. "वारं आलं जरा."

वारा नव्हता. मामांनी परत लावला. परत डावी.

"झेंडूची पाकळी जड असतीया. शेवंती आणा."

शेवंती आणली. डावी पडली. चौथ्यांदा लावायला मामांनी नकार दिला. "एकाच गोष्टीला देवाला किती यळा इचारायचं? लाज वाटाय पायजे," ते म्हणाले.

सगळे अध्यक्षांकडं बघायला लागले. आणि तिथं माझ्या अंगातला गणिताचा मास्तर जागा झाला. मी म्हणालो, "प्रश्न उलटा करून विचारू. जुनं देऊळ आहे तसंच ठेवायचं का, असं विचारा." अध्यक्षांनी माझ्याकडं असं बघितलं की माझी ऑर्डर तिथंच टाइप होतेय असं मला वाटलं. मामांनी फार वेळ माझ्याकडं बघितलं, मग दगडाकडं वळून पाकळ्या लावल्या. डावी पडली. म्हणजे जुनं ठेवायचं नाही! "चांगभलं!" सगळं देऊळ दणाणलं. नारळ फुटले, पेढे आले. मामा तेवढे म्हणाले, "देव कशालाच हो म्हणंना झालाय. रागावलाय त्यो. आता काय बी इचारू नगा त्याला." पण नारळाच्या आवाजात ते कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं.

संध्याकाळी मी वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘नूतन मंदिरास श्रींनी उजवा कौल दिला.’ वजा गुणिले वजा अधिक होतं हे मी नववीला शिकवतच होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा माझ्या दारात उभे. त्यांना वाचता येत नव्हतं. "काय लिव्हलायस त्ये वाच," म्हणाले. मी वाचलं.

"पडला तर डावा हुता की."

"मामा, अर्थ तोच होतो."

"देवानं अर्थ न्हाय सांगिटला लेका, पाकळी पाडली. जी पडली ती लिव्ह." जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, "सभेत मी बोलणार हाय. माझं कुणी ऐकणार न्हाय. पर तू बघितलंयस. तू बोल."

आठवड्याने गावसभा भरली. मामा उठले आणि कौल चारही वेळा डावा होता असं त्यांनी सांगितलं. अध्यक्ष चिडले नाहीत. शांतपणे माझ्याकडं वळून म्हणाले, "मास्तर, वही काय म्हणतीया?"

मी उभा राहिलो. दोनशे माणसं बसलेली. पंधरा दिवसांवर जून. मामा माझ्याकडं बघत होते. रागानं नाही, सोमवारी देवासमोर उभे राहायचे तसे, गप, वाट बघत. मी म्हणालो, "वहीत उजवा आहे."

बघा, खोटं मी बोललोच नाही. वहीत उजवाच होता. हा बारकावा मी पुढची कित्येक वर्षं स्वतःला समजावून सांगितला, आणि माझा सर्वांत ढ विद्यार्थी मीच निघालो. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हाताऱ्याला डावं उजवं कळंना झालंय!" सभा हसली. देवाच्या नावावर खोटं बोलणारा गुरव नको, असा ठराव झाला आणि तोही मीच लिहून घेतला. चाळीस वर्षांची सेवा वहीच्या दोन ओळींत संपली. चार दिवसांत मामा एक तांब्या आणि घोंगडं घेऊन मलकापूरच्या एसटीत बसले. जूनमध्ये माझी कायमची ऑर्डर आली.

देऊळ झकास झालं. देवही नवा आला, गुळगुळीत, घाटदार, नाकीडोळी नीटस. फक्त एक घोटाळा झाला. त्या पॉलिशवर पाकळी टिकेना. लावली की दोन्हीकडच्या एकदमच सरकन खाली. देव एकाच वेळी हो आणि नाही म्हणायला लागला. कमिटीवरच्या एकाने डिंक लावून बघा अशी सूचना केली. डिंक लावल्यावर पाकळ्या तीन दिवस पडल्याच नाहीत. शेवटी कौल बंद झाला आणि दर गुरुवारी कॉम्प्युटरवर पत्रिका काढणारे एक गृहस्थ सभामंडपात बसू लागले. त्यांचा कॉम्प्युटर कुणालाच नाही म्हणायचा नाही. आरतीला मशीन आलं. बटण दाबलं की नगारा, झांज, घंटा सगळं आपोआप. देवळात एकही माणूस नसला तरी आरती दणक्यात व्हायची. भक्ती एवढी वाढली की गाड्या लावायला जागा पुरेना.

शाळेतही मूल्यशिक्षणाचा तास सुरू झाला आणि तो माझ्याच वाट्याला आला. ‘सचोटी’ हा शब्द मी दरवर्षी फळ्यावर त्याच सुवाच्य अक्षरात लिहायचो आणि खाली दोन रेघा मारायचो. मुलं वहीत उतरवून घ्यायची. वहीत सगळं असतं.

अशी दहा-बारा वर्षं गेली. मग एका निवडणुकीची ड्यूटी मला मलकापूरला लागली. दुपारी ट्रेनिंग सुटल्यावर चहा प्यायला निघालो तर एका घराच्या ओसरीवर एक म्हातारा चाचपून चाचपून पत्रावळी लावत बसलेला. मी चटकन तोंड फिरवून पलीकडच्या टपरीवाल्याला म्हणालो, "एक चहा द्या."

मागून आवाज आला, "मास्तर व्हय?"

नजर गेली होती, पण कान तेच. ओसरीवर बसावंच लागलं. मामांनी बावड्यातल्या एकेकाची चौकशी केली. माझी नोकरी टिकली का, तेही विचारलं. मी ‘टिकली’ म्हणालो.

"इचारू नगा म्हणलो हुतो, पर सभेला यायच्या आदी मी कौल लावलता," ते पत्रावळीत काडी टोचत म्हणाले. "मास्तर खरं बोलंल काय म्हणून. देवानं उजवा दिलता."

"मग देव चुकला, मामा."

"देव कसा चुकंल? तुझं बोलायचं ऱ्हायलंय अजून."

परतीच्या एसटीत मला मामांचा भयंकर राग आला. एखाद्याने चार शिव्या दिल्या असत्या, तळतळाट दिला असता, तर हिशेब मिटला असता. यांनी माझ्यावर विश्वास ठेवून मला कायमचा अडकवून ठेवला होता. अर्धा रस्ता सरेपर्यंत रागावलो, पन्हाळ्याचा डोंगर दिसायला लागल्यावर रडलो. शेजारी बसलेले पावणे म्हणाले, "कोण गेलं व्हय घरातलं?" मी मान हलवली. काय सांगणार?

दिवाळीनंतर देवस्थानची वार्षिक सभा होती. कार्यक्रमपत्रिका मीच लिहिलेली. त्यात शेवटी नेहमीप्रमाणे ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’. तिथं मी उठलो. म्हणालो, "तो कौल डावा होता. चारही वेळा. मी नोकरीसाठी उजवा लिहिला. मामा खरं बोलत होते आणि मी त्यांना तुमच्यासमोर खोटं पाडलं." एवढं बोलून मी वही टेबलावर ठेवली आणि आता काय व्हायचं ते होऊ दे म्हणून डोळे मिटले.

काहीच झालं नाही. कुणीतरी चहाचे कप गोळा करत होतं. अध्यक्ष थकले होते आता. ते म्हणाले, "असू दे की मास्तर. कवाची गोष्ट! म्हाताऱ्याला यायचं असलं तर येऊ दे. कोण न्हाय म्हणतंय?" एकदोघांनी माना डोलावल्या. सभा संपली.

कोण न्हाय म्हणतंय! हे मी दहा वर्षांपूर्वी, पाच वर्षांपूर्वी, अगदी गेल्या दिवाळीलासुद्धा बोललो असतो तर हेच उत्तर मिळालं असतं. नोकरी तर केव्हाच कायम झाली होती. मग इतकी वर्षं मी कुणाला भीत होतो? मला शिक्षा हवी होती आणि मिळाला चहा. त्याइतकी शरम मला त्या पहिल्या सभेतही वाटली नव्हती.

पुढच्याच रविवारी भाड्याची गाडी करून मी मामांना घेऊन आलो. वाटेत त्यांनी पूजेचं सोवळं धोतर मांडीवर घट्ट धरून ठेवलं होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते गाभाऱ्यात शिरले. पायाखाली गार फरशी लागली तसे जरा थबकले. अध्यक्ष मागं उभे होते. मामांनी हात पुढं केला, देवाला लावला, आणि बोटं हळूहळू फिरवायला लागले. नाक, डोळे, ओठ, गळ्यातला हार. हात थांबला.

"ह्यो कोण?"

"देव की मामा," नवा पुजारी म्हणाला.

"माझा कुठं हाय?"

अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं. ‘जीर्ण मूर्तीचे विधिवत विसर्जन’ हे शब्द वहीत माझ्याच अक्षरात होते. पण मामांनी वहीत काय आहे ते विचारलं नव्हतं.

"नदीत आहे, मामा," मी म्हणालो. "बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला. चौघांनी उचलून टाकला. त्यात मी होतो."

त्यांनी मला एक ठेवून द्यावी असं मला मनापासून वाटत होतं. बोटांना लागलेला गुलाल त्यांनी धोतराला पुसला.

"पाणी किती हुतं?"

"छातीएवढं. पाऊस सरत आला होता तेव्हा."

बाहेर मशीनची आरती सुरू झाली आणि संपलीसुद्धा.

"मग उन्हाळ्यात उघडा पडंल की," ते म्हणाले. "तवर तुझ्या घरात ऱ्हातो. चालंल न्हवं?"

मी व्हय म्हणालो.