तोंडात टाचण्या

शिंपीबाबांचा राग नाकावर आणि जीव लेकीत. लेकीला लहानपणापासून मधुमेह. रोज सकाळी ती बोट टोचून साखर मोजायची, आणि आकडा चढला की बाबांचा पाराही चढायचा. "काय खाऊ घातलंस पोरीला?" म्हणत ते बायकोवर तुटून पडायचे.

पुढे आकडे अगदी शहाण्यासारखे वागू लागले. पोर मात्र वाळत चालली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी खोदून विचारलं, तेव्हा तिला रडूच फुटलं. "घरी मी खोटाच आकडा सांगते. नाहीतर बाबा आईला बोलतात."

"अहो, ताणानंही साखर वाढते," डॉक्टरीणबाई सोबत आलेल्या बाबांना म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी बाबा शिलाई मशीनवरून उठले आणि कापड बेतताना धरतात तशा टाचण्या ओठांत धरून लेकीसमोर येऊन बसले.

"वाढलीय, बाबा," ती चाचरत म्हणाली. "खूप."

बाबा लालबुंद झाले. टाचण्या थरथरल्या, पण एकही पडली नाही. त्यांनी नुसता तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"आता काढा की त्या!" आई हसत म्हणाली.

"राहू दे गं, आई," लेक म्हणाली. "उद्याही खराच आकडा सांगायचाय मला."