कापसातलं लेकरू

आमचं घर चौसाळ्यापासून दोन कोसांवर. दोन खोल्या, वर पत्रे. वेचणी सुरू झाली की आतली खोली कापसाची होते. माझी पेटी, कपाट, लेकराचा पाळणा, सगळं भिंतीला सरकतं आणि कापूस पार पत्र्याला टेकेपर्यंत भरला जातो. त्या वर्षी तो आत मावला नाही. चौकट ओलांडून बाहेरच्या खोलीत उतरला आणि अर्धी खोली खाऊन मग थांबला.

गोठ्यात उंदीर, अंगणात अवकाळीची भीती, म्हणून कापूस घरात. कापसाला विस्तवाची भीती, म्हणून चूल अंगणात. तीन वर्षं मी धुरानं डोळे चोळत 'चूल बाहेर काढू या' म्हणत होते, तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. कापसानं तोंडातून शब्द न काढता एका दिवसात ती काढायला लावली. सासऱ्यांची बिडीसुद्धा बाहेर गेली. सासऱ्यांना मी मामा म्हणते, आमच्याकडं तशीच रीत आहे. मला त्या कापसाचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

राहिला झोपायचा प्रश्न. नवऱ्याचं हायवेवर मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, तो तिकडं झोपायला गेला. मी आणि सासूबाई खाली सतरंजीवर. मामा ढिगाच्या उतारावर, राखणीला. आणि माझी लेक, दोन वर्षांची व्हायला दोन महिने कमी, मामांच्या कुशीत. दूध तोडलं तेव्हापासून ती त्यांच्याजवळच झोपायची. दूध तोडायचं तर लेकरू आईच्या वासापासून लांब ठेवायचं, ही आमची पद्धत. एकदा आजोबांची सवय लागली की मग आई कोण, कुठली.

मामा दोन्ही हातांनी कापसात खळगा करायचे. त्यात जुनं धोतर अंथरून तिला ठेवायचे आणि वरून पुन्हा कापूस ओढायचे. फक्त तोंड उघडं. मार्गशीर्षातली थंडी, पत्र्याचं घर, आणि तरी तिचे पाय गरम. "राजाच्या लेकराला तरी हाय का आसली गादी?" असं मामा विचारायचे आणि ती खुदकन हसायची. मलाही ते बघून बरं वाटायचं. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर मी सगळा दोष दुसऱ्यांच्या पदरात टाकत सुटले.

आधी शिंका आल्या. मग खोकला. मग छातीत मांजर बसल्यासारखी घुरघुर. सासूबाईंनी तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करून छाती शेकली, दृष्ट काढली. घुरघुर काही जाईना, तेव्हा आम्ही दोघी तिला घेऊन बीडला लहान मुलांच्या डॉक्टरांकडं गेलो. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. आमचा नंबर लागेपर्यंत दुपार झाली.

डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, "घरात चूल आहे?"

"बाहेर हाय, अंगनात," सासूबाई म्हणाल्या.

"कुणी बिडी ओढतं?"

"घरात न्हाई बगा. बंदच केलीया."

"बाळ झोपतं कुठं?"

सासूबाईंचा चेहरा फुलला. "आवो डाक्टरसाहेब, कापसात ठिवतो आमी तिला. खाली जिमिनीवर टेकूच देत न्हाई."

डॉक्टर हसले. तिच्या गालावरची काजळाची तीट, विणलेली टोपी, एकावर एक चढवलेली दोन झबली, सगळं त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "इतकं जपू नका हो, आजी. मातीत खेळू द्या जरा. अशानंच मुलं नाजूक होतात."

मला कळलं. तिथंच, त्या क्षणी कळलं, की हा माणूस म्हण ऐकतोय आणि आम्ही पत्ता सांगतोय. मी तोंड उघडलं. तेवढ्यात बाहेरून पुढच्या नंबरचा पुकारा झाला, सासूबाई लेकरू उचलून उठल्यासुद्धा, आणि मी उघडलेलं तोंड मिटलं. खरं तर मला लाज वाटली. बीडसारख्या गावात वाढलेली, बारावी झालेली मी, 'डॉक्टर, आमच्या घरात झोपायला जागा नाही हो' हे कुठल्या तोंडानं सांगणार होते? औषधाची बाटली घेऊन मी मुकाट गाडीत बसले. घरी गेल्या गेल्या सासूबाईंनी मामांना सांगितलं, "डाक्टर म्हनला, लई जपता तुमी लेकराला." मामा खूश झाले आणि त्यांनी खळगा आणखी खोल केला.

आठवडाभरानं एका सकाळी ती उठलीच नाही नीट. दूध नको, खेळ नको, आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला. फोन केला तसा नवरा दुकानातून मोटारसायकल घेऊन आला. मागं बसून मी तिला छातीशी धरलं होतं आणि चौसाळा ते बीड सगळ्या रस्त्यानं तिचा एकेक श्वास मोजत होते. दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला, वाफेचं मशीन लावलं. तो मास्क तिच्या सगळ्या तोंडाला पुरून उरत होता. ती हात झाडत होती आणि मी, तिची आई, तिचे हात दाबून धरत होते. तेवढंच काम माझ्याकडं होतं.

डॉक्टर आले तेव्हा मी एका दमात सांगून टाकलं. "डॉक्टर, कापसात म्हणजे खरोखरच्या कापसात. ढिगात. शेतातून आलेला, सरकीसकट."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, "मला वाटलं..." आणि तिथंच थांबले. मग म्हणाले, "त्याची धूळ, त्याचे बारीक तंतू, सगळं श्वासात जातं तिच्या. एक तर कापूस हलवा, नाहीतर मूल हलवा."

तीन दिवसांनी सुट्टी मिळाली, तेव्हा मी सरळ माहेरी गेले. माझी आई बीडमध्येच भाड्याच्या खोलीत राहते. लेकराला तिच्याजवळ ठेवून मी एक दिवस सासरी जाऊन आले, कापसाचं काय करायचं ते विचारायला.

मामा ढिगाला टेकून बसले होते. "आमी समदे कापसातच वाढलो की," ते म्हणाले. "कुनाला काय झालं?" हे म्हणताना त्यांना खोकल्याची उबळ आली. दिवाळीपासून होळीपर्यंत मामांचा खोकला चालतोच, त्याला ते 'हवा बदलली' म्हणतात. मी नवऱ्याकडं पाहिलं. तो खाली बघून नखातलं ग्रीस काढत होता.

"विकून टाका ना, मामा," मी म्हणाले. लग्न झाल्यापासून त्यांच्यासमोर एवढं पहिल्यांदाच बोलले.

"विकू न्हाई म्हनलो का म्या? जरा भाव येऊ दे. एका दिसात घर रिकामं करतो."

ते दुष्ट नाहीत. दुष्ट असते तर मला भांडता आलं असतं. वर्षभर राबून घरात आणलेलं पीक ते, अन् ते मातीमोल द्यायचं कसं, हे मलाही कळत होतं. कळत होतं म्हणूनच जास्त चीड येत होती.

मग मी माहेरी बसून वाट बघायला लागले. कशाची? भावाची. सकाळी उठले की आधी लेकीची छाती ऐकायची, मग मोबाईलवर कापसाचा भाव बघायचा. आणि एक दिवस आईच्या देव्हाऱ्यापुढं मी हात जोडले आणि मागितलं, भाव पडू दे. पडला की मामांची आशा सुटेल आणि ते विकतील. शेतकऱ्याच्या घरची सून मी, सगळा जिल्हा देवाकडं भाव मागत असताना मी हे मागितलं. देवानंही नेमकं माझंच ऐकलं. भाव पडला. त्या संध्याकाळी मामांचा फोन आला, "आता तर इकायचाच न्हाई. इतके दीस कळ काढली, ती काय ह्या भावासाठी?"

मग ते म्हणाले, "तिच्या छातीवर ठिव जरा फोन." रोज संध्याकाळी ते हे म्हणायचे. मी रोज फोन तिच्या छातीवर ठेवायचे आणि मामा तिकडं मिनिटभर ऐकायचे. "कमी हाय आज घुरघुर," म्हणायचे आणि ठेवून द्यायचे.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी ते एसटीनं आले. पांढरंशुभ्र धोतर, गळ्यात मफलर, हातात हरभऱ्याच्या ढाळ्यांची जुडी. दारातूनच त्यांनी हाक मारली आणि लेक "आबा" करत धावली. महिन्याहून जास्त दिवसांनी भेटली होती. तिनं त्यांच्या गळ्याला मिठी मारली, मफलरमध्ये तोंड खुपसलं, आणि मामांनी डोळे मिटून घेतले. मी पाणी आणायला वळले.

पाणी घेऊन आले तर ती खोकत होती. थांबेचना. पंधरा दिवसांत मी तो खोकला ऐकला नव्हता. मामांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग त्यांचं लक्ष मफलरकडं गेलं, माझंही गेलं. लोकरीत जागोजागी पांढरे तंतू अडकले होते. अजूनही ते त्या ढिगावरच झोपत होते, एकटे.

त्यांनी हळूच तिचे हात सोडवले आणि तिला खाली ठेवलं. ती रडायला लागली, पुन्हा त्यांच्याकडं झेपावली, तसे ते दोन पावलं मागं सरले आणि उंबऱ्याबाहेर जाऊन पायरीवर बसले. आईनं तिला उचलून धरलं. ती खोकतही होती, रडतही होती आणि दाराकडं हात करत होती.

"कावून रडतीया आता," मामा रस्त्याकडं तोंड करूनच म्हणाले. मग थोड्या वेळानं, "दार लोटून घे, सुनबाई. माज्या अंगाचं जातंय तिच्यात."

मी दाराशी उभी राहिले, हातात पाण्याचा तांब्या. मी दार लोटलं नाही. आत या, असंही माझ्याच्यानं म्हणवलं नाही.