अंतर वाढवून मिळणेबाबत

महाड आणि पोलादपूर या दोन्ही तालुक्यांत अंतर या विषयाचा अधिकारी पुरुष एकच, तो म्हणजे आमचे कुडपणचे बाबा, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करीत आहे. महाडात कचेरीबाहेर मी अर्ज लिहितो व माझ्या टेबलावरून एकही अर्जदार मसुद्याविना परत जात नाही. बाबा पोलादपूरचा अर्जनवीस ओलांडून माझ्याकडे येतात, कारण त्यांच्या मते लांबचा माणूस नीट लिहितो. त्यांनी विमानतळ पाहिलेला नाही. तथापि एकुलती एक लेक लग्न होऊन मस्कतला गेल्यापासून कोणत्याही दोन विमानतळांमधील अंतर ते विमानाच्या तासांत, आरतीसारखे म्हणतात. एकदा एस.टी. स्टँडवर बिरवाडीच्या एका कामगाराने नागपूरला किती वेळ लागेल असे विचारले. "दीड तास," बाबा म्हणाले. त्या बिचाऱ्याने आनंदाने बाबांना चहा पाजला आणि जेवणाचा डबा तिथेच वाटून टाकला.

मस्कतविषयी तर त्यांचा हिशेब सरकारलाही खोडता येणार नाही. मुंबईहून विमान नऊला सुटते आणि तिथल्या घड्याळात सव्वादहाला उतरते. घड्याळ तिथे दीड तास मागे असते, हे मी समजावू गेलो. "मागं असंल नायतर पुढं," ते म्हणाले, "पोचली कधी? सव्वादहाला. माजी कुडपणची गाडी तवर आंबेनळीच्या फाट्याला पण येत नाय!"

मात्र लेक चार वर्षांत एकदाही माहेरी आली नव्हती. फोनवर म्हणे, "बाबा, जवळच तर हाय, कधीपण येईन." बाबांनी यावरून सिद्धान्त काढला, की जवळ आहे म्हणूनच ती येत नाही. मुंबईचे चाकरमानी लांब, ते दर शिमग्याला हजर. बाबांची सख्खी बहीण समोरच्या डोंगरावर, हाकेच्या अंतरावर, तिचे वर्षानुवर्षे तोंड दिसत नाही.

"तुमचा भाऊ कुठं ऱ्हातो, भाऊसाहेब?"

"बिरवाडीला."

"मंग शेवटचा कधी दिसला?"

मी पेनाचे टोपण उघडून विषयाकडे वळलो. विषय होता : मुंबई व मस्कत येथील विमानतळांमधील अंतर वाढवून मिळणेबाबत. शासन मुदत वाढवते, अंतर वाढवीत नाही, असे मी नम्रपणे निदर्शनास आणले.

"गावठाण वाढवून मिळतं ना? मंग ह्ये का नाय?"

या मुद्द्यास कायद्यात उत्तर नाही. सबब मी अर्ज लिहिला, त्यांनी अंगठा उमटवला, आणि तो रवाना झाला.

यंदा शिमग्याच्या तोंडावर बाबा पेढे घेऊन आले. दुरूनच ओरडले, "मंजूर झाला, भाऊसाहेब! जावयाची बदली झाली. टोरांटो! दोन इमानं बदलायची, अख्खा दिवस जातो. आता बगा, येतेच का नाय पोरगी!"

मंजुरीचा कागद पाहण्यास मागणे हे माझे कर्तव्य होते. मी पेढा घेतला. कचेरीतल्या शिपायापासून झेरॉक्सवाल्यापर्यंत सर्वांना पेढे वाटून झाले, रिकामे खोके त्यांनी पिशवीत नीट घडी करून ठेवले, निघाले, आणि चार पावलांवरून परत वळले.

"भाऊसाहेब," ते हळू आवाजात म्हणाले, "जरा जास्तच वाढवलं, नाय?"

त्या दिवशी माझ्या टेबलावरून एक अर्जदार मसुद्याविना परत गेला.