ट्रॅक्टरच्या इंजिनाची मोटार

लाइट गेली, सोसायटीचा जनरेटर धडधडायला लागला आणि डिझेलच्या वासासरशी मी पन्नास वर्षं मागे, ह्यांच्या मोटारीत जाऊन बसले.

पेट्रोल महागलं म्हणून ह्यांनी जुन्या मोटारीत ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसवलं होतं. अख्खी पेठ बघायला आली, केवढं कौतुक झालं! हादऱ्यांनी माझ्या बाजूचं दार सारखं उघडायचं, तर ह्यांनी ते वेल्डिंग करून कायमचं बंद केलं. मागे चादरींचे गठ्ठे खच्चून भरलेले. म्हणजे हे उतरले तरच मी उतरणार. आणि हे उतरत नसत, कारण ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिन बंद पडायचं आणि ढकलायला चार माणसं लागायची.

त्या दिवशी मोहोळच्या बाजाराला माल नेताना माझ्या माहेरच्या दारात थांबलो. लग्नाला वर्ष झालं होतं. मला आईला एकच सांगायचं होतं, की मला परत सासरी जायचं नाही. ती धावत आली, खिडकीतून माझा हात धरला. पत्रा, सीट, आमचे हात, सगळं थरथरत होतं.

"उतर की गं, च्या तरी घे."

"दार उघडत न्हाय, आई."

"बरी हायस न्हवं?"

शेजारी हे समोर बघत बसलेले, पाय ॲक्सिलरेटरवर. मी म्हटलं, "व्हय."

इतकी वर्षं मी त्या इंजिनाला दोष दिला. आज, सत्तरी उलटल्यावर, जनरेटर बंद झाला आणि लक्षात आलं, की आईचा हात ज्या खिडकीतून आत आला ती पूर्ण उघडी होती, आणि मी तेव्हा काडीसारखी बारीक होते.