बांधावरची चिंच

नीलम्माचा पानमळा लातूरच्या वेशीबाहेर होता. पानवेल नाजूक, तिला कडक ऊन सोसत नाही, गरम वारा तर मुळीच नाही. म्हणून मळ्यात शेवरी-हादग्याची दाट सावली धरलेली, आणि पश्चिमेच्या बांधावर वडिलांच्या वेळची चिंच. पाऊसकाळात चिंचेवर बगळे घरटी करायचे. आत वेलींमध्ये बुलबुल आणि शिंपी पक्षी दिवसभर अळ्या टिपायचे. नीलम्मानं मळ्यात कधी औषध फवारलं नाही.

ती किल्लारीला दिलेली. त्र्याण्णवच्या भूकंपात घर बसलं, नवरा धोंडप्पा ढिगाऱ्याखाली गेला. ती माहेरी परतली तेव्हा वडिलांनी अर्धा मळा तिच्या नावावर केला, बांधापलीकडचा अर्धा धाकट्या भावाच्या, वीरभद्राच्या. बांधावरची चिंच दोघांची. सगळी म्हणायची, नीलम्मा कधी रडली नाही. ती रडली नाही, ओरडलीही नाही. खाली मान घालून पानं खुडत राहिली.

पुढं लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला येऊ लागली. वीरभद्रानं आपल्या वाट्याच्या वेली उपटल्या आणि जागा एका क्लासवाल्या सरांना हॉस्टेलसाठी दिली. इमारत झाली, पोरी राहायला आल्या. वाळत घातलेल्या कपड्यांवर बगळे घाण करतात, अशी तक्रार झाली.

नीलम्मा पानं घेऊन उदगीरला गेली होती. परत आली तर चिंच आडवी. फांद्यांखाली फुटकी अंडी, पंख न फुटलेली पिल्लं, काही अजून चोची उघडून. वर बगळे गोल फिरत होते.

तिनं पानाची रिकामी डाली खाली ठेवली, पिल्लं तीत भरली आणि तशीच हॉस्टेलात शिरली. ऑफिसात सर, वीरभद्र आणि काही पालक चहा घेत होते. तिनं डाली टेबलावर ठेवली. कप बाजूला सरकले.

"चिंच कुणी तोडली?"

"अक्का, हे काय करायलीस? चारचौघांत..." वीरभद्र उठला.

"चिंच दोघांची होती. मला इचारलंस?"

"मावशी, पक्षीच तर आहेत," सर म्हणाले. "दुसरीकडं जातील."

"ही जातील?" तिनं डाली त्यांच्याकडं सरकवली. मग ती भावाकडं वळली. तिचा आवाज चढला नव्हता. "भूकंपात मालक गेले. जमीन हालली, कुणाला जाब इचारू? इतकी वरसं मी ते दुःख गिळून बसले. आज तसं न्हाई वीरभद्रा. आज मला ठावं हाय कुणी केलं."

एक पालक बाई उठून बाहेर गेली.

पिल्लं जगली नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या वेली करपल्या, पानं काळी पडली. बगळे परत आले नाहीत. नीलम्मानं भावाच्या घरचं पाणी सोडलं. भाचीच्या लग्नालाही गेली नाही.

पावसाच्या तोंडाला वीरभद्र बैलगाडीत पांगाऱ्याच्या फांद्या घेऊन आला. त्या रोवल्या की फुटतात, सावली लवकर धरतात.

"अक्का, बांधावर लावू का?"

नीलम्मानं फांद्या उतरवून घेतल्या. खड्डे तिनं स्वतः खणले. त्याला 'बस' मात्र म्हटलं नाही.