खंडेनवमीचं तेल

दसऱ्याची सुट्टी संपली आणि सकाळीच रोह्याच्या एका कंपनीतून फोन आला. प्लास्टिकचा कागद गुंडाळणाऱ्या मशीनची डीसी मोटर वेग धरत नव्हती, मध्येच पळायची, मध्येच मंदावायची, आणि कागद टराटरा फाटत होता. पेणहून बाईक काढली. नागोठण्यापर्यंत खड्डे, पुढेही खड्डेच. पोचेपर्यंत माझं डोकं फिरलेलं होतं.

मशीन चालवणारा शेजारच्याच अष्टमी गावचा. चहा हातात देतानाच म्हणाला, "साहेब, लवकर चालू करा. दिवाळीनंतर मला कायम करणार हायत. आता काय लफडं नको." कैक वर्षं बिचारा ठेकेदाराकडे राबत होता.

मी ड्राइव्ह दुरुस्त करतो, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारी पेटी. सेटिंग कमी केलं, वाढवलं. छे! मोटर आपली डुलतेच आहे. मॅनेजर मानेशी उभा. "होतंय का?" अरे बाबा, झालं तर सांगीन ना! हात नुसते शिवशिवत होते. शेवटी ड्राइव्ह सोडली आणि मोटरच्या मागे गेलो. तिथे टॅको असतो, मोटर किती वेगाने फिरते ते ड्राइव्हला कळवणारा छोटा जनरेटर. झाकण उघडलं तर भसकन खोबरेल तेलाचा वास!

खंडेनवमीला मशीन पुसतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात, ते सगळीकडेच. इथे मात्र आतलं तांबंसुद्धा तेल लावून चकाकवलं होतं. त्यावर घासून वीज बाहेर आणणारे कार्बनचे ब्रश नीट टेकतच नव्हते, मग ड्राइव्हला वेग कळणार कसा? मी वर पाहिलं. अष्टमीवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

गुपचूप सगळं पुसून काढलं, ब्रश साफ करून बसवले. मशीन सुरू केलं, वेगाचा काटा एका आकड्यावर स्थिर राहिला.

"काय होतं?" मॅनेजरने विचारलं.

"ब्रश झिजलेले," मी ठोकून दिलं.

तर हा शहाणा पुढे! "नाय साहेब, तेल मीच लावलं. पूजेचं काम हाय, खोटं कशाला बोलू?"

अरे, गप बस ना! मी मनातल्या मनात बोंबललो.

मॅनेजर आवाजसुद्धा न चढवता म्हणाला, "गेटपास ठेव इथे." त्याने गळ्यातला पास काढून ठेवला, मशीनला हात जोडले आणि गेला. मोटर झकास फिरत होती. मॅनेजर माझी पाठ थोपटत होता आणि मला ती मोटर तिथल्या तिथे जाळून टाकावीशी वाटत होती.