सगळ्यात मागची जिप्सी

वाघाच्या जंगलाच्या मोहर्ली गेटवरच्या जिप्सीवाल्यांत मुखरू शेंडेची ओळख एकच, हा माणूस सगळ्यात मागे राहतो. पहाटे गेट उघडलं की बाकीचे ड्रायव्हर शेवटची एसटी सुटत असल्यासारखे आत घुसतात. मुखरू गाडी बाजूला घेतो, मागच्यांना हात करून पुढे काढतो आणि सगळे गेले की पहिल्या गिअरात निघतो. गेली अठरा वर्षं हेच. त्याचं म्हणणं असं, की गाड्यांची वरात गेली की वाघाला वाटतं पीडा टळली, मग तो निवांत रस्त्यावर येतो. आणि येतोही. बाकीचे ड्रायव्हर मुखरूला हसतात, पण वर्षभरात कुणाच्या पाहुण्यांना जास्त वाघ दिसले असं विचारलं की विषय बदलतात.

मागे राहण्यात त्रास एकच, धूळ. मे महिन्यात पुढच्या पंधरा गाड्यांनी उडवलेली लाल धूळ अर्धा अर्धा तास खाली बसत नाही. म्हणून मुखरूची बायको चंदा रोज सहा सुती फडकी ओली करून स्टीलच्या डब्यात घालून देते. पाहुणे बसले की आधी फडकं तोंडाला बांधायचं, मगच गाडी हलणार. नाशिकचे वैद्य मास्तर आणि त्यांच्या बाई दर उन्हाळ्यात येतात आणि मुखरूचीच गाडी मागून घेतात. गेल्या वर्षी निघताना वैद्यबाई म्हणाल्या होत्या, "मुखरूभाऊ, तुमच्याकडे घाई नाही, म्हणून आम्ही येतो." हे वाक्य मुखरूनं घरी चंदाला दोनदा सांगितलं. गेटवर किती वेळा सांगितलं, ते तिथल्या कंटाळलेल्या लोकांना विचारावं.

अशा माणसानं एकदाच घाई केली, आणि ती नेमकी गाडीच्या सर्व्हिसिंगची.

गाडी जुनी. ही जिप्सी आता कारखान्यात बनत नाही, सुटे भाग शोधायला नागपूर पालथं घालावं लागतं. इंजिन बसलं तर गाडी बसली, आणि गाडी बसली तर गेटवरचा मुखरूचा नंबर गेला. तो नंबर गेल्यावर पन्नाशीतल्या माणसानं जंगलाबाहेर उभं राहून काय करायचं, ह्याचा विचार तो करतच नसे. अठरा वर्षांत या इंजिनाला चंद्रपूरच्या नूरुद्दीन मिस्त्रीशिवाय कुणी हात लावला नव्हता. खुद्द मुखरूलाही परवानगी नव्हती. अगदी सुरुवातीला एकदा त्यानं स्वतः काहीतरी खोलून एक स्क्रू हरवला होता. तेव्हा नूरुद्दीननं दम भरला होता, "तू जंगल सांभाळ, इंजिन मी पाहतो." तेव्हापासून मुखरू बोनेट उघडे ते पाणी आणि ऑइल बघायला, बस.

या वर्षी ऐन सीझनमध्ये सर्व्हिसिंग आली आणि नूरुद्दीनच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. फोनवर तो म्हणाला, "आठ दिवस थांब बे. तुझ्या गाडीले काई धाड नाई भरली."

पण जंगल मंगळवारी बंद, सवड मिळणार ती मंगळवारीच, आणि पुढच्या मंगळवारी आरमोरीला चंदाच्या भावाच्या घरी लग्न. मुखरूनं ठरवलं, एकदा दुसरीकडे टाकू, काय होतं! गाडी घेऊन तो चंद्रपुरात मूल रोडवरच्या नव्या, चकाचक वर्कशॉपमध्ये गेला.

काचेचं दार, आत थंडगार हवा, मशीनची कॉफी. कुणीतरी त्याला "सर" म्हणालं. मुखरूला आयुष्यात कुणी सर म्हटलेलं नव्हतं, त्यामुळे तो जरा पाघळला, हे कबूल करायला हवं. संध्याकाळी गाडी धुऊनपुसून हातात आली. सोबत छत्तीस मुद्द्यांचा कागद, छत्तीस बरोबरच्या खुणा, आणि सीटवर मारलेलं अत्तर. वाघाच्या जंगलात अत्तर! मुखरूचं डोकं तिथंच तडकलं. निघताना टायवाल्या पोरानं बजावलं, "सर, बोनेटच्या आत बाहेरच्या कुणाला हात लावू देऊ नका, वॉरंटी जाईल."

बुधवारी पहाटे गाडी सुरू केली आणि मुखरूचे कान उभे राहिले. आवाज बदलला होता. जोर दिला की दम्याच्या माणसानं श्वास ओढावा तसा सूंऽऽ करून आवाज.

गेटवर सगळ्यांनी कान लावले. सोमाजी ड्रायव्हर म्हणाला टॅपेट ढिले आहेत. दुसरा म्हणाला ऑइल पातळ भरलं. तिसरा म्हणाला, "सर्व्हिसिंग झाली का आवाज येतेच." ह्या तिसऱ्याचा मुखरूला सगळ्यात जास्त राग आला. त्यानं वर्कशॉपला फोन लावला.

"सर, सर्व्हिसिंगनंतर पार्ट सेट व्हायला दोन दिवस लागतात."

"अठरा वर्षांत नाई लागले बाप्पा, आत्ताच काऊन लागून राह्यले?"

"तुमची तक्रार नोंदवली आहे सर. पुढची वेळ मंगळवारची आहे."

पाठोपाठ मोबाइलवर मेसेज आला, आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल? मुखरूनं मोबाइल गाडीवर आपटायला उचलला आणि परत खिशात ठेवला. फुटला असता तर तोही दुरुस्तीला टाकावा लागला असता.

पुढचे दिवस वाईट गेले. जंगलात रीत अशी, की पाणवठ्यापाशी आलं की इंजिन बंद करायचं आणि कान द्यायचा. वाघ हलला की वानर खेकसतं, चितळ ओरडतं. यालाच कॉल म्हणतात आणि त्यावरून वाघ शोधतात. कॉल ओळखण्यात मुखरूचा हात धरणारा कुणी नव्हता. पण आता इंजिन बंद करायचं म्हटलं की त्याचा हात किल्लीवरच थांबे. परत सुरू झालं नाही तर? जंगलात गाडीतून खाली उतरायला बंदी, मग धक्का मारणार कोण?

शुक्रवारी गाइड रंजीता मागून म्हणालीच, "भाऊ, बंद करा ना गाडी. काई आयकू येऊन नाई राह्यलं."

त्यानं किल्ली फिरवली. सगळे श्वास रोखून बसले. मुखरूही कान देऊन बसला, पण कशाकडे, तर थंड होत जाणाऱ्या लोखंडाच्या टिकटिकीकडे. थोड्या वेळानं रंजीतानं हळूच विचारलं, "कोन्या बाजूनं आला भाऊ?"

"काय आला?"

"कॉल! वानर दोनदा खेकसलं ना."

मुखरूला ऐकूच आलं नव्हतं. रंजीतानं त्याच्याकडे पाहिलं. त्याला गाडीतल्या गाडीत मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी त्यानं ऑइलची पट्टी ओढून पाहिली. पाच दिवसांचं नवं ऑइल काळं झालं होतं. चिमटीत घेतलं तर कचकच लागली. त्या दिवशी भाजीत मीठ कमी आहे म्हणून तो चंदावर ओरडला. मीठ बरोबर होतं. चंदा म्हणाली, "माह्यावर काऊन भडकता? ज्यानं केलं त्याले जाऊन बोला." मंगळवारी ती एकटीच बसनं आरमोरीच्या लग्नाला गेली, आणि मुखरू नूरुद्दीनकडे.

नूरुद्दीन काळा चष्मा लावून दाराशी खुर्ची टाकून बसला होता. डॉक्टरनं वाकू नको म्हणून सांगितलं होतं. त्यानं गाडी सुरू करायला लावली, मान तिरपी करून ऐकलं आणि लगेच हात वर केला.

"बंद कर. हवेचा डब्बा खोल."

"मी?"

"मंग काय मी खोलू, हे असे डोळे घेऊन?"

अठरा वर्षांत पहिल्यांदा मुखरूनं त्या डब्याच्या क्लिपा काढल्या. आत फिल्टर नव्हता. डबा रिकामा होता, आणि तळाला बोटभर लाल धूळ. झाकणाचं रबर ओढून फाडून ठेवलेलं. बाहेरून मात्र सगळं धुऊन लख्ख.

पाहुण्यांच्या तोंडाला रोज ओली फडकी बांधत होता, आणि इंजिनाच्या तोंडाला काहीच नव्हतं.

"कितवा चालते लाइनीत?" नूरुद्दीननं विचारलं.

"सगळ्यात मागं. तुमाले तं माहीत हाय."

"म्हंजे पंधरा गाड्यांची धूळ प्याली हे. सहा दिवस." नूरुद्दीननं कपाळाला हात लावला. "बोललो होतो ना बे, आठ दिवस थांब."

मुखरू तसाच रिक्षा करून वर्कशॉपला गेला. फिल्टर तिथंच होता. फळीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्याच्या गाडीच्या नंबराची चिठ्ठी लावून. टायवाल्या पोरानं छत्तीस मुद्द्यांचा कागद पुढे केला. "सर, हे बघा, एअर फिल्टर साफ केला, खूण आहे."

"आन् लावला?"

पोरानं कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "सर, लावण्याचा मुद्दा लिस्टमध्ये नाहीये."

मुखरूला येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या ओठावर आल्या. पण समोरचं पोरगं इतकं प्रामाणिकपणे कागद बघत होतं, की त्याला एकही पुरेशी वाटेना. फिल्टर उचलून तो निघून आला.

नूरुद्दीननं प्लग काढायला लावले. डोळे नसले तरी अंगठा शाबूत होता. न वाकता, हात लांब करून प्लगच्या भोकावर अंगठा दाबून तो म्हणाला, "मार सेल्फ." मुखरूनं किल्ली फिरवली. पहिल्या सिलिंडरनं हवेच्या दाबानं अंगठा उडवला, दुसऱ्यानं उडवला. तिसऱ्याशी तो बराच वेळ थांबला. चौथ्यानं परत उडवला.

"तिसरा थकला. पर मेला नाई," तो म्हणाला. फिल्टर बसवला, ऑइल बदललं. फाटलं रबर आता कुठे मिळतच नाही, म्हणून ते चिकटवून दिलं. "गेट बंद झालं पावसाळ्यात का इंजिन खोलू. तोवर ह्या रबरचा भरवसा नाई. धुळीत नको घालू. लाइनीत सगळ्यात पुढं चालव."

"पुढं?"

"गाडी पायजे ना तुले?"

बुधवारी पहाटे वैद्य मास्तर आणि बाई आले आणि मुखरूची गाडी रांगेत पहिली उभी पाहून जरा गोंधळले. बाईंनी सवयीनं डब्यातलं फडकं काढून तोंडाला बांधलं. गेट उघडलं. मुखरू निघाला. समोर धूळ नाही, रस्ता स्वच्छ, इंजिन गुळगुळीत. आठवड्यानं त्याचा जीव भांड्यात पडला. पण थांबायची सोय नव्हती. थांबला असता तर मागच्या पंधरा गाड्या पुढे गेल्या असत्या आणि त्यांची धूळ परत इंजिनात.

बांबूच्या वळणावर रंजीता म्हणाली, "भाऊ, इथी थांबतो ना आपण."

मुखरूनं गाडी पुढेच काढली. थोड्या वेळानं फार मागे चितळ ओरडलं. यावेळी त्यानं अगदी स्पष्ट ऐकलं. मागे वळायला अरुंद रस्त्यावर जागा नव्हती.

दहा वाजता गेटवर आल्यावर सोमाजी लांबूनच ओरडला, "निघाली ना वाघीण! तुमच्याच बांबूजवळ! सारे गेल्यावर!" त्याची गाडी आज सगळ्यात मागे होती.

मास्तर सामान उचलू लागले. बाईंनी तोंडाचं फडकं सोडलं, नीट घडी घातली आणि मुखरूच्या हातात दिलं.

"मुखरूभाऊ, आज तुम्ही घाईत होतात का हो?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. फिल्टर, रबर, तिसरा सिलिंडर, छत्तीस खुणांचा तो कागद अजून खिशातच होता. मुखरूचा हात खिशाकडे गेला आणि तसाच परत आला.

"हो जी बाई," तो म्हणाला. "आज घाईतच होतो."

ते दोघं चालत रिसॉर्टकडे गेले. मुखरू हातातलं फडकं उलटसुलट करून बघत राहिला. त्यावर धुळीचा एक डागही नव्हता.